वही कुणाच्या हाती द्यायची?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्र लांब होतं, त्यातला मुख्य भाग देते.

"मी ६३ वर्षांची आहे. बी.ए. झाले, पण नोकरी कधी केली नाही. २२ वर्षांपूर्वी आम्ही सहा-सात जणींनी अंध विद्यार्थ्यांसाठी वाचक-लेखनिक गट सुरू केला. वाचनालयाच्या वरच्या खोलीत रोज दुपारी दोन ते पाच जमायचं, पाठ्यपुस्तकं वाचून कॅसेटवर रेकॉर्ड करायची, परीक्षेच्या दिवसांत मुलांना त्यांची उत्तरं लिहून घेणारे लेखनिक मिळवून द्यायचे. एकेकाळी आम्ही ३४ जणी होतो. आज नऊ उरलो आणि त्यातली सगळ्यांत लहान ५४ वर्षांची. सुनांना, लेकींना विचारलं तर त्यांना वेळ नाही. कॉलेजची मुलं येतात ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या (एनएसएस) तासांवर सही घ्यायला. ऑगस्टमध्ये एका कंपनीची ४० माणसं एकसारखे टी-शर्ट घालून आली, खोलीची भिंत रंगवली, फोटो काढले आणि गेली.

मार्चमध्ये बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाचा लेखनिक ऐन पेपरच्या सकाळी आला नाही. मी स्वतः धावत गेले, तर माझं शिक्षण जास्त म्हणून मला बसू दिलं नाही. शेजारच्या बारावी झालेल्या मुलाला झोपेतून उठवून नेलं. पेपर ४० मिनिटं उशिरा सुरू झाला. घरी येऊन मी रडले.

आता गटात वाद आहे. एकीचं म्हणणं, महिना सहा हजारांवर एखादी मुलगी ठेवू. बाकीच्या म्हणतात, पैसे आले की सेवा संपली. माझा नातू म्हणतो, आजी, आता फोनच पुस्तक वाचून दाखवतो, तुमची गरज काय? मागे एक अकरावीची मुलगी एकदा लेखनिक म्हणून आली होती. नंतर तिचा मेसेज आला, 'मावशी, परत कुणाचा पेपर असेल तर सांगा.' पण तिलाही प्रमाणपत्रच हवं असेल म्हणून मी काही कळवलं नाही.

सगळं माझ्या वहीत आहे. मी गेल्यावर ती रद्दीत जाईल. स्वयंसेवा हा प्रकारच आता संपत आलाय का? आम्ही थांबावं का?"

ताई,

पत्र वाचून मी त्या मार्चमधल्या सकाळपाशीच थांबले. मुलाची ४० मिनिटं गेली हे तुम्हाला किती लागलं ते ओळीओळीत कळतं. पण त्या सकाळी काय घडलं ते जरा नीट पाहू या, कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं मूळ मला तिथंच दिसतं.

केंद्र सरकारनं २९ ऑगस्ट २०१८ रोजी दिव्यांगांच्या लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर त्या लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी असावं, असं त्यात म्हटलं आहे. लेखनिकानं फक्त लिहावं, उत्तर पुरवू नये, हा त्यामागचा विचार. तुम्ही बी.ए., तुमच्या मैत्रिणींतल्याही बऱ्याचजणी पदवीधर असणार. म्हणजे जे काम करायला हा गट निघाला, त्यातलं अर्धं काम तुम्हाला नियमानंच करता येत नाही. आणि आता पुढचं बघा. सुना-लेकी येत नाहीत याचं तुम्हाला वाईट वाटतं, पण त्या आल्या असत्या तरी त्या पेपरला चालल्या नसत्या. त्या दिवशी सोळा ते वीस वयाचं कुणीतरी हवं होतं. सहीसाठी येतात म्हणून ज्यांच्यावर तुमचा राग आहे, तीच ही मुलं.

याच सूचनांमधल्या आणखी काही गोष्टी तुमच्या उपयोगाच्या आहेत. ऐनवेळी अडचण आली तर लेखनिक बदलण्याची मुभा असावी, वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळे लेखनिक घेता यावेत, आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळावा, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. तेव्हा पुढच्या परीक्षेपासून प्रत्येक पेपरला दोन नावं ठेवा, एक लिहिणारा आणि एक राखीव. दोघांची कागदपत्रं आधीच केंद्रावर दाखवून ठेवा आणि सूचनांची छापील प्रत जवळ बाळगा. शेजारच्या मुलाला झोपेतून उठवायची वेळ पुन्हा येऊ नये.

आता तुमचा मोठा प्रश्न. स्वयंसेवा संपत आली आहे का?

मला तसं वाटत नाही, आणि हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. १८६४ पासून चालत आलेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकंही पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल उपसायला राज्यभरातून माणसं आली, त्यांत विशी-पंचविशीची मुलं किती होती! १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर नेता येत नव्हती. तेव्हा भर पावसात पायवाटेनं वर जाणाऱ्यांत खोपोली-लोणावळ्याकडची ट्रेकर मुलं होती. यातल्या कुणालाही पगार नव्हता.

या ट्रेकर मंडळींची पद्धत तुम्ही मुद्दाम समजून घ्या. राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांनी बचावकार्यासाठी मिळून एक समन्वय केंद्र उभं केलं आहे. मदतीचा फोन तिथं येतो आणि त्या डोंगराच्या जवळचा जो गट असेल त्याला निरोप जातो. त्या गटातली माणसं एरवी आपापल्या दुकानात, कारखान्यात, वर्गात असतात. रोज कुठं जमत नाहीत. पण दोर कसा बांधायचा, स्ट्रेचर कसं उतरवायचं याचा सराव त्यांनी आधी केलेला असतो आणि हाक आली की निघायचं हे ठरलेलं असतं. तुमच्या गटाची घडण वेगळी आहे. तुम्ही रोज दुपारी दोन ते पाच उघडं असलेलं एक घर बांधलंत आणि त्या घरात येऊन बसेल त्याला आपलं मानलंत.

ती वेळ कुणाची होती? सकाळचा स्वयंपाक-धुणं आटोपलेल्या आणि संध्याकाळच्या चुलीला अजून अवकाश असलेल्या बाईची. २२ वर्षांपूर्वी तुमच्या गावात अशा शिकलेल्या, घरी असणाऱ्या बायका भरपूर होत्या, म्हणून ३४ जणी जमल्या. तुमची सून नोकरीवरून किती वाजता घरी येते ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण दुपारी दोनला ती घरी नसते एवढं नक्की. आणि घरी आल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते. सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. जे पुरुष घरकाम करतात त्यांचा जात होता ९७ मिनिटं. सुनेला समाजाची कळकळ नाही असं म्हणण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. स्वयंसेवेच्या भविष्यावर आपण व्याख्यानं देतो, पण घरातल्या पुरुषानं पोळ्या लाटल्या तर गावाला एक स्वयंसेविका मिळेल, हे त्या व्याख्यानांत कुणी बोलत नाही. मला ते मनापासून पटतं, म्हणून इथं लिहिलं.

हे फक्त आपल्याकडं होतंय असंही नाही. जपानमध्ये गावोगाव आग विझवणारी स्वयंसेवकांची पथकं आहेत. १९५० च्या दशकात त्यांत २० लाखांच्या आसपास माणसं होती, आता ती संख्या आठ लाखांच्याही खाली आली आहे. गावातच दुकान असलेला, गावातच शेती करणारा माणूस पूर्वी घंटा वाजली की धावायचा. त्याचा मुलगा दिवसभर दुसऱ्या शहरात नोकरीला असतो, तो कसा धावणार? त्याचं मन आटलं असं म्हणता येणार नाही. तो गावात नाही, इतकंच.

आपल्या मराठी मुलखात एकमेकांच्या कामाला जाण्याच्या दोन रीती चालत आल्या आहेत. एक शेतातली. कुणाचं काम मागं पडलं की तो इर्जिकीचं बोलावणं करतो, पाच-पंचवीस माणसं आपापल्या बैलजोड्या घेऊन येतात, एका दिवसात रान उरकतं, रात्री सगळ्यांना जेवण. दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या घरी. त्यांना कुणी सभासद करून घेत नाही आणि आयुष्यभराची बांधिलकीही मागत नाही. दुसरी रीत शहरातली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला घडलेली. ती आजीव सेवकाची, एकदा वाहून घेतलं की घेतलं. आपल्या पिढीनं या दुसऱ्या रीतीलाच खरी सेवा मानलं आणि पहिलीला मदत म्हणून सोडून दिलं. मला वाटतं, पुढची पन्नास वर्षं इर्जिकीची आहेत. माणूस येईल, नेमकं काम विचारेल, ते करेल आणि जाईल. पुन्हा बोलावलं तर पुन्हा येईल. मात्र इर्जिकीला बोलावणाऱ्यानं आधी रान दाखवावं लागतं, कुठून कुठपर्यंत नांगरायचं ते सांगावं लागतं.

आणि तिथंच तुमच्या सहा हजारांच्या वादाचं उत्तर आहे.

'पैसे आले की सेवा संपली' असं म्हणणाऱ्या तुमच्या मैत्रिणींना माझ्याकडून आदरानं एक आठवण करून द्या. आजीव सेवेचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणून आपण ज्यांच्याकडं बघतो, त्यांनी वेतन घेतलं होतं. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिथं गोपाळ कृष्ण गोखल्यांनी २० वर्षं शिकवण्याचं व्रत घेतलं, ते महिना ७५ रुपयांवर. बाहेर त्यांना त्याहून कितीतरी जास्त मिळालं असतं, त्यावर त्यांनी पाणी सोडलं, हा त्याग. पण घर चालेल एवढी रक्कम संस्थेनं दिली, म्हणूनच तो त्याग २० वर्षं टिकला. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते आणि हिंगण्याचा आश्रमही उभा करत होते. महिन्याच्या वेतनानं त्यांची सेवा उणी झाली असं आजवर कुणी म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

याच्या उलटही एक गोष्ट आहे आणि ती सांगताना मला त्रास होतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आल्या. सरकारी कागदावर त्या स्वयंसेविका. बाळंतपणाला बाईला दवाखान्यात न्यायचं, लसीकरणाला मुलं गोळा करायची, क्षयाच्या रुग्णाच्या औषधांवर लक्ष ठेवायचं, करोनात घरोघर जाऊन तपासणी करायची, वर सगळ्याच्या नोंदी ठेवायच्या. हे रोजचं काम आहे, चुकलं तर जाब विचारला जातो, आणि तरी त्यांना मिळतं ते मानधन आणि कामागणिक मोबदला. वेतन नाही. महाराष्ट्रातल्या हजारो आशांना त्यासाठी पुन्हा पुन्हा संप करावा लागला. स्वयंसेवा हा शब्द इतका चांगला आहे की त्याच्या आडून कुणाच्या तरी कष्टांचे पैसे बुडवता येतात. स्वयंसेवेला बाहेरून काही धोका असेल तर मला तो हाच वाटतो. फुकट राबवून घेतलेली माणसं हळूहळू या शब्दावरच चिडतात, आणि त्यांच्या घरातली पुढची पिढी त्याच्या वाटेला जात नाही.

तुमच्या गटात असं रोजचं काम कोणतं? फोन करणं, लेखनिकांच्या याद्या करणं, परीक्षा केंद्रावर अर्ज देणं, कोणत्या मुलाचा कोणता पेपर कधी ते जुळवणं. हे २२ वर्षं तुम्ही एकटीनं केलंत, आणि ती नोकरी होती ताई. कुणी तुम्हाला तिचा पगार दिला नाही. पुढच्या माणसाकडून तशीच अपेक्षा करू नका. सहा हजारांनी वर्षाचे ७२ हजार होतात. मुलगी ठेवाच, आणि पेपर लिहिणाऱ्या, वाचणाऱ्या मंडळींची सेवा मात्र बिनपैशाची राहू द्या. लेखनिकाला जाण्यायेण्याचं भाडं आणि पेपरनंतर काहीतरी पोटभर खायला, एवढं तुमच्याकडून.

पैसे कुठून आणायचे? ज्या कंपनीनं भिंत रंगवली तिला एक साधं पत्र लिहा. ४० माणसं आली तेव्हा त्यांना देण्याजोगं दुसरं काम तुम्ही काढून ठेवलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी रंगाचे डबे आणले. हा दोष निम्मा आपलाही आहे. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी काढून ठेवलेला, निधी घ्यायला संस्थेकडं आयकर सवलतीच्या १२ए, ८०जी आणि हा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ अशा नोंदण्या लागतात आणि तुमचा गट नोंदलेला दिसत नाही. वाचनालय नोंदलेलं असेल तर त्यांच्या कार्यकारिणीपुढं विषय ठेवा, एक उपक्रम म्हणून त्यांनी तुम्हाला आपल्या छत्राखाली घ्यावं. तेही लांबलं तर गावातली १२ घरं शोधा, प्रत्येक घराकडं एका महिन्याचा पगार. तालुक्याच्या गावात अशी १२ घरं मिळत नाहीत यावर माझा विश्वास नाही.

प्रमाणपत्राबद्दल थोडं कडक बोलते, राग मानू नका. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, हा तिचा साचा. पन्नासहून जास्त वर्षं मुलं तासांवर सही घेत आली आहेत आणि त्यांतूनच महाराष्ट्राला कितीतरी कार्यकर्ते मिळाले. आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीत अशा कामाला श्रेयांक (क्रेडिट) मिळतात, म्हणजे सही मागणारी मुलं वाढतीलच. सहीनं मुलगा तुमच्या दारापर्यंत येतो. आत आल्यावर तुम्ही त्याला काय दिलंत? २० मुलांना एका खोलीत बसवून व्याख्यान दिलं असेल, तर त्यांनी सहीशिवाय दुसरं काय न्यायचं? एका मुलाला एक अंध विद्यार्थी नेमून द्या. दोघांनी आठवड्याला एकदा भेटून सरावाचा पेपर सोडवायचा, परीक्षा होईपर्यंत. प्रमाणपत्र आनंदानं द्या, त्यावर किती पेपर लिहिले तेही लिहा. गरजू घरच्या मुलाला तो कागद नोकरीच्या मुलाखतीत कामाला येत असेल, तर तेही आपल्या हातून झालेलं बरं कामच.

नातवाचं म्हणणं मात्र टाकून देऊ नका. पुष्कळ अंशी तो बरोबर आहे. अंध वाचकांना पुस्तकं सुलभ रूपात करून देता यावीत यासाठी मराकेश करार झाला, त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता, २०१४ साली. २०१६ मध्ये 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. एनव्हीडीएसारखा पडदा वाचून दाखवणारा कार्यक्रम संगणकावर फुकट मिळतो. छापील मराठी पान फोननं टिपलं तर तो बऱ्यापैकी वाचून दाखवतो. तेव्हा पाठ्यपुस्तकांचं रेकॉर्डिंग थांबवा. यंत्र जे करू लागलं त्यात माणसाच्या दुपारी घालवू नका. २२ वर्षांच्या त्या कॅसेटी मुलांच्या कानांत आहेत. त्यांचं काम झालं.

पण नातवाला जवळ बसवून एक प्रयोग करा. प्राध्यापकांनी घाईत लिहिलेल्या नोट्सची झेरॉक्स फोनपुढं धरा. भूगोलाचा नकाशा धरा. अर्थशास्त्रातला मागणीचा वक्र धरा. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज उघडा, ज्यात चित्रातली वाकडी अक्षरं ओळखल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तुमच्या मुलांचं घोडं आता इथं अडतं. या कामांना वरच्या खोलीत यावं लागत नाही, ठरलेल्या वेळेची अट नाही. रात्री मुलं झोपल्यावर तुमच्या सुनेकडं अर्धा तास असेल तर ती एका नकाशाचं वर्णन बोलून फोनवरून पाठवू शकेल. टी-शर्टवाल्या ४० जणांतले चार जण महिन्याला प्रत्येकी एक धडा घेतील. सुनेला 'गटात ये' म्हणू नका. 'हा एक आलेख रविवारपर्यंत समजावून पाठवशील का' असं विचारा. पंचविशी ते पन्नाशीतल्या माणसांकडं यापुढं असंच मागावं लागणार आहे, कामाचा तुकडा आणि त्याची तारीख सांगून.

आणि तुम्ही नऊ जणी? सर्वांत लहान ५४ हे वाचून तुम्ही खचलात, पण २०५० च्या सुमाराला भारतात दर पाच माणसांत एक साठीपुढची असेल असा अंदाज आहे. साठीनंतरची पंधरा-वीस वर्षं धडधाकट असलेली इतकी माणसं आपल्या समाजानं याआधी कधी पाहिलेली नाहीत. स्वयंसेवेची दोन टोकं मला दिसतात, एकीकडं विद्यार्थी आणि दुसरीकडं निवृत्तीतली माणसं. ती जोडायची कशी, हा खरा प्रश्न. तुमच्याकडं जोडणारं काम आहे. लेखनिक तयार करावा लागतो. प्रश्न दोनदा आणि सावकाश वाचायचा, सांगितलेलं तेवढंच लिहायचं, शंका आली तर विचारायचं पण सुचवायचं नाही, विद्यार्थी थांबला तर त्याच्या शांततेत ढवळाढवळ करायची नाही, किती वेळ उरला ते मधूनमधून सांगायचं. हे तुम्हाला २२ वर्षांनी येतं, सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी येत नाही. परीक्षेआधीच्या दोन महिन्यांत रविवारी सकाळी सराव घ्या. तुम्ही विद्यार्थ्याच्या जागी डोळे मिटून बसा, त्यानं लिहायचं. पेपर तुम्हाला लिहिता येत नसला तरी लिहिणारा हात तुम्ही घडवू शकता.

आता वहीबद्दल. हे लिहिताना माझा हात थोडा जड झाला आहे.

पुण्यातल्या एका रुग्णालयात वॉर्डांमधून पुस्तकांची ढकलगाडी फिरवणाऱ्या गटात मी नऊ वर्षं होते. ज्या काकांनी तो गट उभा केला, ते एक दिवसही चुकले नाहीत. कोणत्या वॉर्डात किती वाजता जायचं, कुठल्या सिस्टरला आधी भेटायचं, कुणाला जाड टाइपाची पुस्तकं लागतात, सगळं त्यांच्या डोक्यात. आम्हा कुणालाच त्यांनी कधी एकटं पाठवलं नाही, आणि ते सगळं इतकं छान करत होते की आम्हीही कधी विचारलं नाही. मग ते आजारी पडले. दोन आठवड्यांनी रुग्णालयात नवे अधिकारी आले, त्यांनी परवानगीचं पत्र मागितलं. पत्र कुठं आहे ते फक्त काकांना ठाऊक होतं आणि ते सांगण्याच्या स्थितीत नव्हते. तीन महिन्यांत ढकलगाडी बंद पडली. आम्ही अकरा जण होतो, सगळ्यांना काम करायचं होतं, रुग्ण पुस्तकं मागत होते, आणि तरी ते बंद पडलं. काकांवर माझं फार प्रेम होतं. म्हणूनच हे मला अजून सलतं.

'सगळं माझ्या वहीत आहे' हे तुमचं वाक्य वाचून मला ती ढकलगाडी दिसली. तुम्ही ते दुःखानं लिहिलंत. पण ताई, २२ वर्षं ती वही तुम्ही दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाहीत, हेही त्याच वाक्यात आहे. ३४ च्या नऊ होण्यात काळाचा वाटा आहे, कंपनीचा आणि कॉलेजचाही थोडा असेल. काही वाटा या वहीचाही आहे. ज्याला नुसतं सांगितलेलं करायचं असतं, तो चार वर्षांनी कंटाळतो. ज्याच्या हाती काही सोपवलेलं असतं, तो अडचणीतही धावून येतो.

तेव्हा या महिन्यात वहीच्या दोन प्रती करा. विद्यार्थ्यांना विचारून त्यांचे नंबर त्यात राहू द्या. पण नुसते नंबर पुरणार नाहीत. कोणत्या केंद्रावर कोणता अर्ज आधी द्यावा लागतो, कुठल्या मुलाला इंग्रजी स्पेलिंग अक्षर अक्षर सांगायची सवय आहे, कोण घाबरलं की गप्प होतं, कुणाच्या घरून डबा येत नाही, हे सगळं लिहून काढा. ते लिहायला तुम्हाला सहा महिने लागतील. मग एक तारीख ठरवा, त्या दिवसापासून मूळ वही दुसऱ्या कुणाकडं राहील आणि फोन तुम्हाला येणार नाहीत. नव्या माणसाकडून चुका होतील. एखादा निरोप राहून जाईल, केंद्रावर कुणाशी बोलणं बिघडेल. तेव्हा मध्ये पडून वही परत घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. विचारलं तर सांगा. एरवी रविवारच्या सरावाला जा.

थांबावं का, असंही तुम्ही विचारलंत. सगळं करून पाहिलं आणि दोन वर्षांनी तालुक्यातल्या एकाही मुलाला तुमच्या लेखनिकाची गरज उरली नाही, तर जरूर थांबा. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी लेखनिकांची आपली यादी तयार ठेवावी असं त्या २०१८ च्या सूचनांतही सुचवलेलं आहे. उद्या ते खरोखर नीट होऊ लागलं तर गट मिटवायला वाईट वाटून घेऊ नका, त्या यादीत तुमची मुलं घाला. पण आज मार्चमधल्या सकाळीसारख्या सकाळी येत आहेत. आज थांबू नका.

आणि ती अकरावीची मुलगी. तिनं मेसेजमध्ये प्रमाणपत्राचा शब्दही काढलेला नाही, तो तुम्ही तुमच्या मनातून घातलात. ती आता बारावीला असेल किंवा बारावी होऊनही गेली असेल, म्हणजे पदवीच्या मुलांचे पेपर ती लिहू शकते. हे पत्र वाचून झाल्यावर तिला आधी फोन करा. उत्तर द्यायला इतके महिने लागले म्हणून तिची माफी मागा, आणि त्या बी.ए.च्या मुलाचे काही विषय राहिले असतील तर पुढच्या पेपरची तारीख तिला सांगा. तिला राखीव लेखनिकही तिनंच शोधायला सांगा. तिच्या मैत्रिणी तुमच्यापेक्षा तिला जास्त माहीत आहेत.